टमाटे बंद झाले तेव्हा : नागपूरच्या ४२ डब्ब्यांचा वर्षभराचा हिशेब

जुलै २०२३ मध्ये नागपुरात टमाटे दीडशे रुपये किलोच्या पुढे गेले आणि आमच्या घरचा रस्सा अडला. आई अकरा वर्षांपासून हनुमाननगरात डब्बे देते. मेडिकलला शिकणारे, कोचिंगसाठी आलेले, नुकतीच नोकरी लागलेले, मिळून ४२ डब्बे, दोन्ही वेळचे. दिवसाला अडीच किलो टमाटे लागायचे. महिन्याचे पैसे आधीच ठरलेले असतात, त्यामुळे भाव वाढला म्हणून कोणाला जास्त मागता येत नव्हतं. आईने आठवडाभर वाट पाहिली आणि एका सकाळी चिंच भिजत घातली.

"माझ्या माहेरी भेदरं थंडीतच राहायचे," ती म्हणाली. "मंग बाकी वर्षभर आम्ही काय आंबट खातच नव्हतो?"

तिचं माहेर उमरेडच्या पुढे, भिवापूरच्या बाजूला. तिकडची जुनी माणसं टमाट्याला भेदरंच म्हणतात. तिच्या या एका वाक्याने मी कामाला लागले. मी हिशेबाची नोकरी करते. "जवळचं खा, ऋतूप्रमाणे खा, म्हणजे जेवणाचा कार्बनचा भार कमी होतो" हे अनेकदा ऐकलं होतं आणि मनापासून पटलंही होतं. पण किती कमी होतो आणि नेमका कशातून, हे कोणी आकड्यात सांगत नव्हतं. घरात ४२ डब्ब्यांचं स्वयंपाकघर होतं. ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ असं वर्षभर मी वही ठेवली.

तोवरचा आमचा डब्बा असा होता: पोळ्या, भात, वरण, एक भाजी. आठवड्यातून दोनदा पनीर, कारण पनीर नसलं की पोट्ट्यांना डब्बा साधा वाटतो. आलू-फुलकोबी बारा महिने. मटारही बारा महिने, आणि त्यासाठी मागच्या खोलीत डीप फ्रीझर. प्रत्येक रश्श्यात टमाट्याचा गर. नागपुरात राहून आम्ही जे शिजवत होतो, ते कुठल्याही शहरात तसंच शिजलं असतं.

पहिला हिशेब वाहतुकीचा मांडला, कारण सगळा भार तिथेच असणार अशी माझी खात्री होती. कॉटन मार्केटमध्ये आई ज्यांच्याकडून भाजी घेते त्या भाऊंना रोज विचारायचं, "हा माल कुठचा?" पावसाळ्यातले टमाटे आंध्रातून, मदनपल्लीकडून येत होते, म्हणजे हजारेक किलोमीटरवरून. एक टन माल ट्रकने एक किलोमीटर न्यायला साधारण ०.२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे हजार किलोमीटर आलेल्या एका किलो टमाट्यामागे ०.२ किलो. आठवड्याला आमचे साडेसतरा किलो टमाटे, त्यांच्या प्रवासाचा भार साडेतीन किलो.

साडेतीन किलो! मी बेरीज तीनदा तपासली. हजार किलोमीटरचा प्रवास आणि ४२ माणसांच्या आठवड्याला एवढाच आकडा. ट्रकमध्ये एका वेळी दहा-पंधरा टन माल असतो, त्यामुळे किलोमागे वाटणी थोडीच येते. रेल्वेने आला तर याच्या चौथ्या हिश्श्यात, जहाजाने आला तर दहाव्या हिश्श्याहूनही कमीत. विमानाची गोष्ट पूर्ण वेगळी: तिथे टन-किलोमीटरला एक किलोच्या वर जातो. परदेशातून विमानाने येणारी नाजूक फळं घेऊ नयेत हे मी कोणालाही सांगेन, पण डब्ब्यात ती कधीच नव्हती.

याच काळात माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती लिहायलाच हवी, कारण अनेक जण चांगल्या मनाने तीच करतात. थेट शेतकऱ्याकडून घ्यायचं म्हणून मी सप्टेंबरात दोन रविवार गाडी काढून कळमेश्वरकडे गेले. वांगी, बरबटी, पालक, ढेमसं, सगळं ताजं मिळालं. जाऊन-येऊन ५५ किलोमीटर. साडेतीन लिटर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे फेरीला आठ किलो. आणलेली भाजी वीस किलो. तीच वीस किलो मदनपल्लीहून ट्रकने आली असती तर चार किलोंत आली असती. शेतकऱ्याच्या हातात थेट पैसे पडले, त्याचं समाधान खरं होतं, पण कार्बनच्या हिशेबात मी जवळची भाजी लांबच्यापेक्षा जड करून आणली होती. त्यानंतर कळमेश्वरचीच भाजी, पण टेम्पोने बाजारात आलेली, आईच्या नेहमीच्या फेरीत घेतली.

मग भार आहे तरी कुठे? जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या दोघांनी २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांवरची माहिती एकत्र करून मांडली. त्यात अन्नातून निघणाऱ्या एकूण हरितगृह वायूंमध्ये वाहतुकीचा वाटा साधारण सहा टक्के निघतो. मोठा वाटा शेतात आणि गोठ्यात असतो. मिथेनसारखे वायूही कार्बन डायऑक्साइडच्या मापात धरले तर जागतिक सरासरीने एक किलो तांदळामागे सुमारे चार किलो, एक लिटर दुधामागे सुमारे तीन किलो, वाटाण्यांमागे एक किलोच्या आसपास, डाळींमागे पावणेदोन. मटणाचा आकडा वीस किलोच्या वर जातो, पण आमचा डब्बा शाकाहारी. रविवारी संध्याकाळी डब्बा बंद असतो तेव्हा पोट्टे सावजीकडे जातात, तो हिशेब माझ्या वहीत नाही.

हे आकडे आमच्या भांड्यांना लावले आणि वहीचं पान उलटंपालटं झालं. एक किलो पनीरला साधारण पाच लिटर दूध लागतं, म्हणजे पंधरा किलो. ४२ डब्ब्यांना एका वेळी अडीच किलो पनीर. म्हणजे पनीरचा एक दिवस सदतीस किलोंच्या पुढे. टमाट्यांच्या दहा आठवड्यांच्या प्रवासाएवढा भार एका दिवसाच्या पनीरमध्ये होता, आणि ते दूध तर नागपूर जिल्ह्यातलंच होतं. गाई-म्हशी रवंथ करताना मिथेन सोडतात. तो गोठा हनुमाननगरापासून दहा किलोमीटरवर आहे की हजारावर, मिथेनला फरक पडत नाही.

भाताचं तसंच. आमचा तांदूळ भंडाऱ्याचा, म्हणजे शेजारच्याच जिल्ह्यातला. पण धानाच्या बांधीत पाणी साचून राहतं, त्याखालच्या मातीत हवा पोचत नाही आणि तिथले जिवाणू मिथेन तयार करतात. दिवसाला सव्वासहा किलो तांदूळ, म्हणजे रोजचे पंचवीस किलो. हाही जवळचा, परंपरेचा, आणि तरी भारी.

इथे मला थांबावं लागलं. 'स्थानिक' हा शब्द मी इतकी वर्षं कार्बनचं माप म्हणून वापरत होते आणि तो माप नव्हताच. युरोपात थंडीत टमाटे काचघर तापवून पिकवतात, तिथे दक्षिणेच्या उन्हातले टमाटे लांबून आणलेले बरे पडतात, आणि आपल्या ऋतूची वाट पाहणं सगळ्यात बरं. नागपुरात काचघर तापवायची वेळ कोणावर येत नाही. आपल्याकडे ऋतू मोडण्याची किंमत दुसऱ्या रूपात येते. ती आमच्या घरी मागच्या खोलीत घरघरत होती.

डीप फ्रीझर. मी त्याला मीटर लावलं. दिवसाला दोन युनिट, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आपली वीज अजून बहुतांश कोळशाची. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या तर नागपूरकरांना घराच्या गच्चीवरून दिसतात. एका युनिटला साधारण ०.७ किलो धरलं तर आठवड्याला दहा किलो. जानेवारीत स्वस्त घेतलेले, अगदी जवळच्या शेतातले मटार सप्टेंबरात खायचे म्हणून हा भार आम्ही आठ-आठ महिने वाहत होतो.

"बंद करून टाकू का?" मी विचारलं.

"मंग वर्षभर भाजी काय करू? रोज आलूच देऊ?" आई म्हणाली. आणि मग तिचं तिलाच काहीतरी आठवलं असावं. "थांब, हरभरा येऊ दे."

नोव्हेंबर लागला तसं सगळं सोपं झालं. नागपूरच्या थंडीत काय नाही? सांबार, म्हणजे कोथिंबीर, जुडीने येतो आणि सांबारवडी करावीच लागते. मेथी, पालक, आंबट चुका, देशी वांगी, गाजर, मुळा. पोपटाच्या शेंगा. डिसेंबराच्या शेवटी तुरीच्या ओल्या शेंगा, त्यांचे सोले काढून रस्सा आणि कचोरी. भेदरंही याच दिवसांत जवळच्या वाड्यांमधून येतात, लहान, पातळ सालीचे, बेताचे आंबट. आणि संत्रा. आंबिया बहराची फळं दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन डिसेंबरापर्यंत, मग थोडी उसंत, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहर. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीकडचा माल. पूर्वी महिन्याकाठी एकदा सफरचंदाची फोड द्यायचो, ती गेली आणि दोन्ही बहरांत आठवड्याला दोनदा अख्खं संत्रं डब्ब्याबरोबर गेलं. एकाही पोट्ट्याने तक्रार केली नाही.

सोले काढायला मात्र वेळ लागतो. ४२ डब्ब्यांसाठी दहा-बारा किलो शेंगा सोलायच्या, दोन बायकांचे तीन तास. आई, कामाला येणाऱ्या मावशी आणि मी अंगणात उन्हात बसायचो. पण त्या दिवशी पनीरची आठवण कोणी काढत नसे, कारण तुरीचा सोला दाताखाली भरीव लागतो आणि रश्श्यात भिवापुरी मिरचीचा रंग उतरलेला असतो. ऋतूप्रमाणे शिजवण्याचं खरं काम मला तिथे कळलं. त्याने ट्रक वाचवला ते थोडंच. त्याने ताटातली पनीरची गरज काढून टाकली. फेब्रुवारीपासून पनीर आठवड्यातून एकदाच झालं आणि दुसऱ्या दिवशी पाटवडी-रस्सा. अडीच किलो बेसनाचा भार साडेचार किलोंच्या आसपास, पनीरचा सदतीस.

आता हरभऱ्याची भाजी. ही गोष्ट मी सावकाश सांगणार आहे. डिसेंबरात आई मला माहेरी घेऊन गेली, एसटीने. हरभरा टिचभर वर आला होता, फुलावर यायचा होता. तेव्हा त्याचे कोवळे शेंडे खुडायचे. खुडल्याने झाडाला जास्त फांद्या फुटतात, म्हणून शेतकऱ्याचं नुकसान नाही. पहाटेच्या दवात पानांवर आंब साचलेली असते. पाचेक मिनिटं खुडलं की बोटांच्या टोकांना झोंबायला लागतं, पायघोळ कपड्यांच्या कडा ओलसर होतात, आणि बोट चाटलं तर खारट-आंबट लागतं. आई वाकून दोन्ही हातांनी खुडत होती, मी एका हाताने. मामींनी तो ढीग अंगणात कापडावर पातळ पसरला. दोन दिवस वरचेवर हलवायचा. चार पोती हिरवी भाजी वाळून एक पोतंही पुरतं भरलं नाही. पानं काळपट हिरवी, चुरचुरीत. ते पोतं आम्ही एसटीच्या टपावरून नागपूरला आणलं. त्याच्या जोडीला कोहळ्याच्या वड्या आणि मुगाच्या वड्या मार्चच्या उन्हात घरीच घातल्या.

वीज शून्य. जागा एका कोपऱ्याएवढी. मार्चच्या शेवटी फ्रीझर रिकामा झाला आणि आम्ही तो बंद केला. एप्रिलमध्ये विकला.

खरी परीक्षा मे महिन्याची होती. नागपूरचा मे म्हणजे ४५ अंश आणि त्याच्याही वर. सकाळी सातला घेतलेला पालक दहाला मान टाकतो. बाजारात फुलकोबी दिसते, लांबून आलेली आणि अर्धी पिवळी, तिच्यातली बरीच टोपलीत जाते. या महिन्यात 'जवळचं आणि ऋतूतलं' म्हणजे काय? आईची यादी अशी निघाली: चिवळ (बारीक पानांची पालेभाजी), कोहळं, लवकी (दुधी), ढेमसं, तोंडले, कांदा, कैरी. आणि वाळवण. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात चिवळ विकणाऱ्या आज्जी सावलीत ओल्या फडक्याखाली जुड्या ठेवतात. आई त्यांच्याकडून एकदम वीस जुड्या घ्यायची.

चिवळीला पोट्ट्यांनी नाक मुरडलं. बुलढाण्याचे दोघं खूश होते, बाकीचे नाही. तिघांनी महिना संपताच डब्बा बंद केला आणि दुसरीकडे लावला. एक मुलगा चांगल्या शब्दांत म्हणाला, "काकू, रोज लवकी-कोहळं नाही जात हो." त्याचं बरोबर होतं. आईने आठवड्यातले चार दिवस उन्हाळी भाजी, एक दिवस आलू, एक दिवस पनीर आणि एक दिवस वाळल्या हरभऱ्याची भाजी असं बसवलं. तीन डब्बे गेले ते गेलेच. त्यांचं नुकसान आईने सोसलं आणि हे हिशेबात लिहायला हवं, कारण कार्बन कमी करायचा म्हणून कोणाच्या पोटावर पाय येतो ते आधी पाहावं लागतं.

वाळल्या हरभऱ्याच्या भाजीचं मात्र उलटं झालं. तुरीच्या डाळीत घोटलेली, वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. पाणी लागलं की पानं परत हिरवी होतात आणि तो डिसेंबरचा आंबटपणा वर येतो. टमाटा नाही, चिंचही नाही. त्या दिवशी डब्बे घासल्यासारखे परत यायचे.

भाताचं काय केलं ते सांगते, कारण इथे आम्ही एकदा हरलो. आधी भाकरीचा प्रयत्न केला. ज्वारीला पाणी साचवून ठेवावं लागत नाही, त्यामुळे मिथेनचा प्रश्न येत नाही, आणि वैदर्भी माणसाला भाकरी परकी नाही. पण ४२ डब्ब्यांच्या भाकऱ्या थापायला मावशींना अडीच तास लागले, तवा तेवढा वेळ चुलीवर, आणि डब्बा पोचेपर्यंत भाकरी कडक. दोन आठवड्यांत बंद केलं. मग कण्या सुचल्या. भरडलेली ज्वारी कुकरमध्ये भातासारखी शिजते, ताकाबरोबर किंवा वरणाबरोबर खाता येते. आठवड्यातून तीन रात्री भाताऐवजी कण्या. म्हणजे साडेनऊ किलो तांदूळ कमी, ३८ किलोंचा भार कमी. ज्वारीला किलोमागे एक किलो धरला तरी २८ वाचतात. आता अडचण ज्वारी मिळण्याची. आमच्या भागात तिची जागा सोयाबीन आणि कापसाने घेतली आहे, आणि चांगली ज्वारी बऱ्याचदा तांदळाहून महाग पडते.

गॅसचं थोडक्यात. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोंचं असतं आणि एक किलो एलपीजी जळली की तीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे सिलिंडरला ५७ किलो. डाळी रात्री भिजवणं, कुकरात डबे एकावर एक लावणं आणि उकळी आल्यावर आच कमी करणं, एवढ्याने महिन्याला सहाची पाच सिलिंडरं झाली. याचा ऋतूशी काही संबंध नाही, पण ज्याला भार कमी करायचा आहे त्याने हे पहिल्या दिवशी करावं. परत येणारं उष्टं अन्नही मोजलं. आदल्या रात्री कोण जेवणार ते विचारून ठेवलं की भात वाया जाणं निम्म्यावर आलं. उरलेलं भांडेवाडीच्या कचऱ्याच्या ढिगात जाऊन कुजण्यापेक्षा अंगणातल्या खड्ड्यात जातं.

आठवड्याची बेरीज अशी आली: पनीरमध्ये ३३ किलो, तांदळात २८, सिलिंडरमध्ये १३, फ्रीझरमध्ये १०. आणि वाहतुकीत, टमाटे-फुलकोबी-सफरचंद सगळं धरून, ५ च्या आसपास. एकूण नव्वद किलोंच्या आसपास. तांदूळ, दूध आणि डाळींचे आकडे जागतिक सरासरीचे घेतले आहेत, भंडाऱ्याच्या एका बांधीचे नाहीत, म्हणून मी शेवटच्या किलोसाठी भांडणार नाही. पण क्रम बदलणार नाही याची मला खात्री आहे. वाहतूक शेवटी आली.

मी हा क्रम आईला दाखवला तेव्हा ती भाजी निवडत होती. "म्हणजे माझ्या भेदरांचं काही नाही?" तिने विचारलं. मला तिला नीट सांगावं लागलं. ट्रकमधून सगळे मिळून पाच किलोच वाचले. पण टमाटा बंद झाला म्हणून चिंच आली, चिंचेवरून माहेर निघालं, माहेरावरून हरभरा आणि तुरीचे सोले, त्यांनी पनीर मागे ढकललं, आणि वाळवणाने फ्रीझर घालवला. नुसते कार्बनचे आकडे घेऊन मी पनीर कमी करायला सांगितलं असतं, तर तिने ऐकलं नसतं आणि पोट्ट्यांनी तर नाहीच नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोत्याच्या तळाशी मूठभर चुरा उरला होता. तो आईने आमच्याच घरच्या वरणात घातला. जुलैत पहिला तरोटा, म्हणजे टाकळ्याची रानभाजी, बाजारात आला, टमाटे पुन्हा महागले आणि या वेळी चिंच आधीच भिजलेली होती.

त्याच संध्याकाळी तिने मामाला फोन लावला. मी शेजारीच बसले होते.

"यंदा दोन पोते लागन रे. आन् कडेच्या चार ओळींवर फवारणी नको करू, तिथलीच खुडतो आम्ही."

मामाने पलीकडून विचारलं असावं, एवढी कायले.

"डब्बे पंचेचाळीस झाले ना," आई म्हणाली. "त्या चिवळवाल्या पोट्ट्यांपैकी एक परत आला."